होडीच्या सिनेमात भूत नव्हतंच, सुध्या

“भूत दाखव. त्या सिनेमात एक भूत दाखव, मी आत्ताच्या आत्ता मिशी उतरवतो.”

ओरडत होतो मी. समोर तू बसला होतास, पेणच्या तुझ्या कारखान्यात, मांडीवर फूटभराचा गणपती आडवा घेऊन, त्याच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ अर्धी ओढलेली. माझा आवाज तुला नवा नाही. मी मनापासून ओरडलो की खाडीवरचे बगळे उठतात ते थेट अलिबागेत उतरतात, आणि इकडं शांत झाल्याची खात्री पटल्याशिवाय परत येत नाहीत. कारखान्यातली सहा माणसं ब्रश हवेत धरून बघत होती. सातशे-आठशे गणपतीही बघत होते, पण त्यातल्या निम्म्यांना अजून डोळे नव्हते, त्यामुळं त्यांची साक्ष धरता येत नाही.

कारण काय, तर सोंडांना रंग देणाऱ्या प्रमिलाबाईंनी साधं विचारलं होतं, “तुम्ही दोघं इतकी वर्सं भुताचे पिक्चर बघता, मग त्यात भारी कुठला ते सांगा तरी.” आणि तू मान वर न करता म्हणालास, “होडीचा.”

होडीचा. सुध्या, त्या सिनेमात दोन तास दहा मिनिटं एक विधवा बाई धक्क्यावरच्या बाकावर बसलेली असते. रोज संध्याकाळी रिकामी होडी येते. होडीतून कुणीतरी उतरल्याचा आवाज होतो. कुणी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. सिनेमाचं नाव चार शब्दांचं आणि इतकं अवघड होतं की टॉकीजवाल्यानं फळ्यावर नुसतं ‘भयपट’ लिहून वेळ मारून नेली होती. लोकांनी इंटरव्हलला खुर्च्यांचे हात उपटले. आणि तू बावीस वर्षं त्या सिनेमाचं नाव घेतोस, तेही माझ्यासमोर.

“त्यात भीती हाय,” तू म्हणालास. “कोण उतरलं ते दिसत नाय, म्हणून हाय.”

“दिसत नाही म्हणून भीती असेल तर वीज गेल्यावर तिकीट लावा. सगळं पेण हाऊसफुल.”

प्रमिलाबाई हसल्या. समोर कुणी हसलं की मला आवरत नाही, हा माझा रोग तुझ्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. तू त्याच वेळी माझ्या तोंडात लाडू कोंबायला हवा होतास. मी म्हणालो, “खरं सांग सुध्या, तुला होडीचा आवडतो कारण त्यात भूत नाही. तू भित्रा आहेस. येतोस, जीव मुठीत धरून बसतोस आणि बाहेर येऊन अक्कल शिकवतोस. भजनाला जात जा, तिथं कुणी अंगावर येत नाही.”

सहाही जणं हसली. तू हसला नाहीस. ब्रश पाण्यात बुडवलास, कापडाला पुसलास, आणि म्हणालास, “तू जा आता. पाचची एसटी चुकेल.”

घड्याळात पावणेचार वाजले होते.

तर हे असं आहे. मी तुझ्यावर भयंकर चिडलोय, आणि हे लिहितोय ते चिडूनच. दर सीझनला माझ्या सुट्टीच्या गुरुवारी मी रोह्याहून यायचो, तुझ्या समोरच्या पत्र्याच्या डब्यावर बसायचो आणि तू डोळे आखत असताना तुझं डोकं खायचो. या वर्षी त्यानंतरचे सात गुरुवार मी आलो नाही. मी ठरवलं, फोन तू करायचा. तू केला नाहीस. आठव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मी फर्स्ट शिफ्टला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोहे खात असताना तुझा फोन आला. तुझं नाव स्क्रीनवर बघून मी काय केलं सांगू? मी तो वाजू दिला. म्हटलं, बस जरा तडफडत. परत वाजला. परत वाजू दिला. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, “दिगूभाऊ, घ्या की.” मी म्हणालो, “घेतो. त्याला अजून थोडं शिजू दे.” तिसऱ्यांदा उचलला, आणि बोलल्या प्रमिलाबाई.

मला फक्त एक जाणून घ्यायचंय. तू माझ्यावर रागावून गेलास का? भुताखेतांवर माझा इतका विश्वास, पण तू येऊन सांगशील असं वाटत नाही. तुझ्या मताप्रमाणं तर भुतानं दिसायचंच नसतं. सोय चांगली करून ठेवलीस.

आपण भेटलो तेव्हाही मी ओरडतच होतो. पेणच्या टॉकीजमध्ये, गुरुवारीच. कंपनीनं मला सुट्टी दिली ती गुरुवारची आणि सिनेमे बदलतात शुक्रवारी, त्यामुळं मी आयुष्यात एकही सिनेमा ताजा बघितलेला नाही. सगळे उतरायच्या आदल्या दिवशी, उरलेल्या भातासारखे. त्या दिवशी थिएटरात मी, तू आणि पंख्याखाली झोपायला आलेला एक गृहस्थ. पडद्यावर नायिका अंधाऱ्या जिन्यानं खाली चाललेली, आणि मी तिला सांगत होतो, “मागं बघ गो बाई, मागं बघ.” तर शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “अहो, जरा हळू. दार ऐकू द्या.”

दार ऐकू द्या म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. सुटल्यावर मुद्दाम तुला चहाला नेलं, भांडायला. तू बशीत चहा ओतून म्हणालास, “पिक्चर फालतू. दाराला तेल घातलेलं होतं. बंद पडक्या घरात बिजागरीला तेल कोण घालतं? भूत?” मी खूश झालो. मी म्हणालो, आणि साडी? शंभर वर्षांपूर्वी मेलेली बाई, तिची साडी इस्त्रीची कशी? तू जरा थांबलास आणि म्हणालास, “साडीचं नाय बघितलं मी.” मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे.

मग आपली मतं जुळली नाहीत ती नाहीतच. माझं म्हणणं सरळ आहे, आणि तू गेलास म्हणून मी ते बदलणार नाही. भूत पहिल्या वीस मिनिटांत दिसलं पाहिजे. माणूस जेवायला बसला की आधी वाढा, मग गप्पा मारा. भुताला तोंड पाहिजे, दात पाहिजेत, काहीतरी मागणं पाहिजे. म्हणून माझा सगळ्यात लाडका सिनेमा वेणीचा. गावातल्या छळलेल्या सुनेची कापलेली वेणी घरोघर सरपटत जाते आणि एकेका सासूला गाठते. लोक त्याला टाकाऊ म्हणाले. पेणमध्ये तो चार दिवस टिकला आणि रोह्यात तीन. त्या सात दिवसांत मी तो एकवीस वेळा बघितला, आता हिशेब कसा जमतो ते विचारू नको. वेणी म्हणजे काळ्या रंगात बुडवलेला नायलॉनचा दोर आहे हे आंधळ्यालाही दिसतं. एका ठिकाणी तर तिला ओढणाऱ्या माणसाचा अंगठा दिसतो. पण सुध्या, ती वेणी चुलीपाशी थांबते आणि दिशा ठरवल्यासारखी वळते, तेव्हा माझ्या आत्याचं सगळं आयुष्य मला त्या दोरात दिसलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं, अंगठा बघ काय मस्त दिसतो.

तू वेणीच्या सिनेमाला काय म्हणालास? “मिठाचं पोतं ओढल्यासारखा आवाज हाय. केसांचा आवाज असा येत नाय.” संपलं परीक्षण. मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

कोलाडचा तो रविवार आठव. हायवेवर वडापाव खायला थांबलो आणि विषय निघाला, भूत सावकाश चालावं की पळावं. मी म्हणत होतो पळावं, जग बदललंय. तू म्हणत होतास, पळणाऱ्या भुताला काहीतरी घाई असते, आणि घाई असलेल्याची भीती वाटत नाही, कीव येते. पाऊण तास चाललं. गोव्याला निघालेल्या तीन गाड्या आपलं ऐकत थांबल्या. त्यातला एक माणूस शेवटी बायकोला म्हणाला, गोवा पुढच्या वर्षी. वडेवाल्यानं कढई उतरवली आणि तुझ्या बाजूनं मत दिलं. मी त्याला विचारलं, “तू कधी भूत बघितलंस?” तर म्हणाला, “रोज येतात, पण यवडं कोण बोलत नाय.” तू इतका हसलास की चटणी नाकात गेली. तुझ्या घरी वहिनींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा गाड्या पाच केल्या. तू दुरुस्ती केली नाहीस. तू माझी एकही थाप कधी पकडून दिली नाहीस, आणि याचीही मला आत्ता फार चीड येतेय, कारण त्यामुळं मला वाटायचं की आपलं सगळं चालतं.

टॉकीज बंद पडल्यावर तू रोह्याजवळ वरसे गावात माझ्या घरी यायला लागलास. दिवसाउजेडी, पडदे उघडे, टीव्हीवर भूत. आणि भूत यायची वेळ झाली की तू उठायचास. “चहा टाकतो.” “पाणी आणतो.” “वहिनी, कुकर घेऊ का खाली?” आमची ही मला अजून ऐकवते, “सुधाकर भावोजी बघा, परक्या घरात किती मदत करतात, आणि तुम्ही पाय पसरून बसता.” एका सिनेमात तू सात वेळा चहा केलास. मी सातही प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी ॲसिडिटीनं शिफ्ट चुकवली.

मग तू गेलास, आणि लोकांनी तुझं काय केलं बघ.

कारखानदारांनी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. तुझा फोटो, हार, उदबत्ती. जो उठतो तो सांगतो, सुधाकर शांत, सुधाकर सात्त्विक, सुधाकरनं अखेरच्या क्षणीही हातातला ब्रश सोडला नाही. अरे, थाप मारायची तर नीट मारा. प्रमिलाबाई तिथं होत्या. तुझ्या हातात चहाचा कप होता, त्यात बिस्किट मोडून पडलं होतं आणि तू ते बोटानं काढत होतास. मला विचाराल तर बुडालेलं बिस्किट काढता काढता गेलेला माणूस हा ब्रशवाल्यापेक्षा शंभरपट चांगला आहे. पण मी बोलणार कसा? मी उठायच्या आधी अध्यक्ष, म्हातारे कारखानदार, माझ्या कानाशी आले. “दिगंबरराव, दोन शब्द बोला, पण भुताबिताचं नको. सीझन आहे. गिऱ्हाईक बसलंय.”

भुताबिताचं नको. मग राहिलं काय? तीस वर्षांची मैत्री, त्यातून भुतं काढली तर उरतं तिकिटाचं अर्धुक. मी उभा राहिलो. मी, ज्याला लग्नात मंगलाष्टकांच्या मध्ये थांबवावं लागतं. मी म्हणालो, “चांगला होता,” आणि बसलो. लोकांना वाटलं गहिवरलो. मी दात खात होतो.

नंतर मी एक वाईट काम केलं. होडीचा सिनेमा शोधून काढला आणि एका दुपारी एकटा बसून पुन्हा बघितला. म्हटलं, बघू तरी मी तुझ्याशी कशावरून भांडलो. सुध्या, तू मेलास म्हणून खोटं बोलणार नाही, तो सिनेमा भिकार आहे. ती बाई पहिल्या तासात चौदा वेळा पदर सारखा करते. होडीवाला कोकणी बोलतो की हिंदी हे त्यालाच ठरवता आलेलं नाही. भरतीच्या वेळी ओहोटीचा चिखल दिसतो. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही कळेल. फक्त शेवटी ती बाई बाकावर थोडी सरकते, शेजारी जागा करून देते. होडीतून उतरलेल्याला बसायला. तिथं मी टीव्ही बंद केला. कंटाळा आला म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

सुतक फिटलं, तेरावं झालं, आणि त्यानंतरच्या गुरुवारी मी कारखान्यात आलो. मनाशी सगळं ठरवून आलो होतो. वहिनींना म्हणणार होतो, माझ्याकडून एक वाक्य गेलं, त्याचं काय करू सांगा. एसटीत नागोठण्यापर्यंत मी ते वाक्य इतक्या वेळा घोळवलं की शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली.

तुझ्या जागेवर वहिनी बसल्या होत्या. त्यांचं माहेरही मूर्तीवाल्यांचं, हे मी विसरूनच गेलो होतो. मांडीवर तसाच आडवा गणपती, हातात तुझाच बारीक ब्रश. डोळ्याच्या आखणीत रेघ एका दमात ओढायची असते, श्वास धरून. श्वास घेतला की रेघ हलते आणि देव चकणा होतो. त्यामुळं वहिनींशी बोलायचं म्हणजे दोन रेघांच्या मधे बोलायचं. मी पत्र्याच्या डब्यावर बसलो. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून ठरवलेलं काही न येता भलतंच आलं.

“वहिनी, होडीचा पिक्चर त्याला इतका का आवडायचा?”

वहिनींनी रेघ पुरी केली, श्वास सोडला. “तो त्यांनी पुरा बघितला होता.”

“म्हणजे?”

“उघड्या डोळ्यांनी. भूतच नाय ना त्यात.” परत ब्रश टेकवला, रेघ, श्वास. “बाकीच्या पिक्चरला हे डोळे मिटून बसायचे, भावोजी. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

मला ठाऊक नव्हतं.

“लग्न झाल्यावर मला एकदा घेऊन गेले. तुम्ही पलीकडं बसून ओरडत होता. मी बघते तर हे डोळे गच्च मिटून. गाणं लागलं की उघडायचे. घरी आल्यावर मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर जाता कशाला? तर म्हणाले, दिग्या एकटा बसेल.”

रेघ. श्वास.

“मी काय तुम्हाला सांगणार नव्हते. पण आता काय.”

सुध्या, हलकट माणसा. मी त्या डब्यावर किती वेळ बसलो मला माहीत नाही. माझ्या पद्धतीनं सांगायचं तर तेवढ्यात ओहोटी लागून परत भरती आली. बावीस वर्षं काय, तीस वर्षं. मी तुझ्या शेजारी बसून वेणी बघत होतो, कवट्या बघत होतो, जिन्यावरची बाई बघत होतो, आणि तू बघत होतास आपल्या पापण्यांची आतली बाजू. आणि बाहेर येऊन माझ्याशी वाद घालत होतास. बिजागरीचा, पोत्याचा, पावलांचा. आणि मी, रोह्यापासून पेणपर्यंत भयपटांचा एकमेव जाणकार, तुझं ऐकून विचारात पडत होतो. ‘आवाज हाच भयाचा आत्मा आहे’ असं मी कंपनीच्या स्नेहसंमेलनात बोललो होतो रे, माइकवरून, तुझं वाक्य स्वतःचं म्हणून.

मला हे सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी हसलो असतो. आठ-दहा वर्षं हसलो असतो, गावभर सांगितलं असतं, पेणमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं की ज्याच्या हातचे डोळे घरी नेता तो स्वतः डोळे मिटून बसतो. बरं, म्हणून नाही सांगितलंस. ते कळलं मला. पण मग यायचं नाही. घरी बसायचं. कुणी बोलावलं होतं? मी एकटा बसलो असतो तर काय मला वेणीनं खाल्लं असतं? मी काही तुला धरून नव्हतो नेत. म्हणजे नेत होतो, पण तू नाही म्हणू शकत होतास. एवढं साधं नाही म्हणता येत नव्हतं तर मूर्तीच्या दलालाला कसा नाही म्हणायचास, त्या मुंबईच्या शेठला कसा म्हणालास, डोळे घाईत होत नसतात, दुसरीकडं जा?

सात गुरुवार मी स्वतःला सांगत होतो की मी गंमत केली, सुध्याला गंमत कळते. जन्मभर मी थापा मारल्या, शेकड्यानं मारल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. एकदा चुकून खरं बोललो, ते तुला, आणि तेही सहा माणसांसमोर. तू भित्रा आहेस. जीव मुठीत धरून बसतोस. हे मी तुला म्हणालो, ज्यानं तीस वर्षं दर गुरुवारी जीव मुठीत धरला तो माझ्याच पायी. तेव्हा तुझं काय झालं असेल? तुला वाटलं असेल का की मला पहिल्यापासून कळलेलं होतं आणि मी ते याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं? मी इतका खोल माणूस नाही रे. मी किती उथळ आहे हे तुला माहीत असायला पाहिजे होतं. पण माणसाला मान खाली घालून ब्रश पुसताना काय वाटतं ते दुसऱ्याला कुठं दिसतं, आणि मी तर तेव्हा प्रमिलाबाईंकडं बघत होतो, त्या अजून हसतायत का ते.

तुझे आभार मानायचेत, पण आत्ता जमत नाही. आत्ता तू समोर असतास तर मी तुला त्या शाडूच्या पिंपात बसवलं असतं. तीस वर्षं माझ्या शेजारची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही, ही गोष्ट मला आता कळते, आणि ती मला कळावी म्हणून तू काही करून ठेवलं नाहीस. एक शब्द नाही. वर एसटीची काळजी.

तर मी डब्यावर बसलो होतो. प्रमिलाबाईंनी चहा आणून ठेवला, माझ्याकडं न बघता. त्यांनाही ते हसणं आठवत असावं. मागच्या फळ्यांवर तू आखलेले गणपती होते आणि पुढच्या ओळीत वहिनींनी आखलेले. खरं सांगतो, फरक ओळखू येत नव्हता, आणि याचाही मला राग आला.

“वहिनी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की एकही बगळा हलला नसेल. “आमचं भांडण झालं होतं. जून महिन्यात. इथंच.”

“हां, सांगितलं प्रमिलानं.”

“त्यानं काही सांगितलं?”

“नाय.”

“सात आठवडे त्यानं मला फोन केला नाही. मीही केला नाही. मी त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणालो, वहिनी. तो माझ्यावर रागावून गेला का? असेल तसं सांगा. मी ऐकून घेईन.”

वहिनींनी नवी मूर्ती मांडीवर घेतली. ब्रश रंगात बुडवला, टोक बोटावर फिरवून बारीक केलं, आणि श्वास धरला. डावा डोळा, वरची रेघ. मग खालची. मग उजवा. मीही श्वास धरून बसलो होतो. बुबुळ भरलं, ब्रश उचलला, मूर्ती जरा लांब धरून बघितली आणि शेजारच्या फळीवर उभी केली.

“रागवायला वेळ कुठं होता त्यांना,” वहिनी म्हणाल्या. “साडेचारशे मूर्ती आखायच्या राहिल्या होत्या.”